जॉन लॉक: राज्यसत्ता, ज्ञान आणि ‘कशावरून?’ – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जॉन लॉकची (१६३२–१७०४) दोन मोठी पुस्तकं १६८९ च्या अखेरीला, काही आठवड्यांच्या अंतराने लंडनमध्ये विक्रीला आली. दोन्हींवर छापलेलं साल मात्र १६९०. ‘टू ट्रीटिझेस ऑफ गव्हर्न्मेंट’ निनावी होतं आणि राज्यसत्तेबद्दल होतं. ‘अॅन एसे कन्सर्निंग ह्यूमन अंडरस्टँडिंग’ उघडपणे लॉकचं होतं आणि माणसाला काय कळू शकतं याबद्दल होतं. पुढे त्यांची वाटणी झाली. पहिलं राज्यशास्त्राच्या वर्गात गेलं, दुसरं तत्त्वज्ञानाच्या. त्यामुळे दोन्हींत विचारलेला प्रश्न एकच आहे, हे सहसा कुणी सांगत नाही. राजा म्हणतो मला अधिकार आहे; पंडित म्हणतो हे सत्य आहे. लॉक दोघांनाही विचारतो: कशावरून? खालची उत्तरं हा धागा धरून लिहिली आहेत. सोयीसाठी पहिल्या पुस्तकाला ‘प्रबंध’ आणि दुसऱ्याला ‘निबंध’ म्हटलं आहे. ‘प्रबंधा’त दोन प्रबंध आहेत; ‘पहिला प्रबंध’, ‘दुसरा प्रबंध’ म्हणजे त्याच पुस्तकाचे दोन भाग.

सुरुवात कुठून करावी? सगळं वाचणं शक्य नाही.

सगळं वाचायची गरजही नाही. ‘निबंधा’ला निबंध म्हणणं ही चेष्टाच आहे; तो सातशे पानांच्या वर जातो. दुसरा प्रबंध मात्र आटोपशीर आहे: १९ प्रकरणं, २४३ कलमं. त्यातलं प्रकरण २ (निसर्गावस्था), ५ (मालमत्ता), ८ (संमती), ९ (राज्य कशासाठी), ११ (कायदेमंडळाच्या मर्यादा) आणि १९ (राज्य कधी मोडतं) एवढं नीट वाचा. प्रकरण ५ दोनदा वाचावं लागेल. पहिल्या वाचनात ते सोपं वाटतं, तिथेच घोळ होतो.

‘निबंधा’चे चार भाग आहेत. पहिल्या भागातलं प्रास्ताविक आणि शेवटचं प्रकरण, दुसऱ्या भागाची पहिली नऊ प्रकरणं, तिसऱ्यातलं शब्दांच्या गैरवापराचं प्रकरण (१०) आणि चौथ्यातली १ ते ४, १५, १६ व १९ ही प्रकरणं. एवढ्यात मुख्य सांगाडा हाती येतो. जुनी इंग्रजी जड जात असेल तर जोनाथन बेनेट यांनी सोप्या इंग्रजीत उतरवलेला पाठ आधी वाचा आणि मग मूळ पाहा. फक्त त्या पाठातलं वाक्य लॉकचं अवतरण म्हणून उत्तरपत्रिकेत लिहू नका, कारण ते शब्द लॉकचे नसतात.

संदर्भ दिलेल्या ठिकाणी तो परिच्छेद सापडतच नाही. असं का?

ही नेहमीची तक्रार आहे आणि बहुतेकदा ती ‘निबंधा’च्या पहिल्या भागाबद्दल असते. काही आवृत्त्या प्रास्ताविकाला प्रकरण १ धरतात, काही ते वेगळं ठेवतात आणि पुढच्या प्रकरणापासून मोजतात. त्यामुळे पहिल्या भागातला प्रत्येक संदर्भ एका आकड्याने सरकतो. पीटर निडिच यांच्या १९७५ च्या आवृत्तीत प्रास्ताविक हे प्रकरण १ आहे आणि आजचे बहुतेक अभ्यासक तीच मोजणी वापरतात. त्यांनी १.४.२४ (भाग १, प्रकरण ४, कलम २४) म्हटलं, तर जुन्या आवृत्तीत ते १.३ मध्ये शोधा. इतर तीन भागांत ही अडचण येत नाही.

‘प्रबंधा’त कलमांना सलग क्रमांक आहेत, पण दोन्ही प्रबंधांची मोजणी वेगवेगळी. ‘कलम ४२’ एवढंच लिहिलं तर ते कुठल्या प्रबंधातलं, हे वाचणाऱ्याला कळणार नाही. पानाचा क्रमांक कधीच देऊ नये. आवृत्ती बदलली की तो निरुपयोगी होतो.

‘प्रबोधनकाळ’ म्हणजे रेनेसान्स की एन्लायटनमेंट?

मराठीत हा गोंधळ कायमचा आहे. शालेय इतिहासात ‘प्रबोधन’ म्हणजे पंधराव्या-सोळाव्या शतकातला रेनेसान्स. वैचारिक लेखनात तोच शब्द अठराव्या शतकासाठी येतो, आणि महाराष्ट्रात तर प्रबोधन म्हणजे समाजसुधारणा. लॉकनंतरच्या काळाला ‘ज्ञानोदय’ म्हणणारेही आहेत. शब्द कुठलाही वापरा, पण पहिल्याच वाक्यात शतक सांगून टाका. लॉक स्वतः सतराव्या शतकातला. माँतेस्क्यू, व्होल्तेअर, ह्यूम, रूसो हे पुढच्या शतकातले, लॉक वाचून किंवा लॉकशी भांडून लिहिणारे.

पहिला प्रबंध वगळला तर चालतं का?

परीक्षेपुरतं चालतं. पण दुसऱ्या प्रबंधातले निम्मे वार कुणावर आहेत, ते मग दिसत नाही. ते राजसत्तेचा कैवारी इंग्रज लेखक रॉबर्ट फिल्मर याच्यावर आहेत. तो १६५३ मध्ये वारला. त्याचं ‘पेट्रिआर्का’ १६८० मध्ये, राजपक्षाला गरज पडली तेव्हा छापलं गेलं. त्याचं म्हणणं असं: देवाने आदमला जगाचं स्वामित्व दिलं, ते बापाकडून मुलाकडे उतरत आलं, म्हणून राजा हा प्रजेचा बाप आणि बापाला जाब विचारायचा नसतो.

लॉक यावर देवाबद्दल वाद घालत बसत नाही. तो वारसनोंद मागतो. समजा, आदमला हक्क होता. तो मुलाकडे जातो हे कशावरून? थोरल्याकडेच जातो हे कशावरून? आज आदमचा थोरला वारस कोण? तो सापडला तर जगात एकच राजा खरा, बाकी सगळे घुसखोर. आणि सापडत नसेल, तर या हक्काचा आजच्या एकाही राजाला उपयोग नाही. सातबारा दाखवा म्हटल्यावर समोरच्याने पुराणातला दाखला द्यावा, तसा हा प्रकार आहे. आणखी एक बारीक गोष्ट लॉक पकडतो. बायबलमधली आज्ञा ‘आई आणि बाप यांचा मान राख’ अशी आहे. फिल्मर ती वापरताना आईला गाळतो. आई ठेवली असती तर एकछत्री सत्ता तिथेच दुभंगली असती.

हे पुस्तक १६८८ च्या क्रांतीचं समर्थन करायला लिहिलं ना?

छापलं त्या निमित्ताने, लिहिलं आधी. (ही क्रांती म्हणजे इंग्लंडचा राजा जेम्स जाऊन विल्यम गादीवर आला ती.) प्रस्तावनेत लॉक राजा विल्यमची बाजू पक्की करण्याची भाषा करतो, त्यामुळे अडीचशे वर्षं लोकांनी तसंच धरलं. पीटर लॅस्लेट यांनी १९६० च्या आवृत्तीत दाखवून दिलं की बराचसा मजकूर १६७९ ते १६८३ च्या दरम्यानचा असावा. तेव्हा कॅथलिक जेम्सला गादीवरून वगळण्याचा वाद चालू होता आणि लॉक त्या वादातला पुढारी लॉर्ड शाफ्ट्सबरी याच्या पदरी होता. नेमक्या वर्षाबद्दल मतभेद आहेत, पण पुस्तक क्रांतीआधीचं आहे हे आता बहुतेकांना मान्य आहे.

फरक मोठा आहे. झालेल्या गोष्टीचं समर्थन करणं वेगळं आणि राजा गादीवर असताना ‘त्याला हटवता येतं’ असं लिहिणं वेगळं. डिसेंबर १६८३ मध्ये राजाचा विरोधक अल्जरनॉन सिडनी याचा शिरच्छेद झाला. राजद्रोहाला दोन साक्षीदार लागत. एकच मिळाला, तेव्हा त्याच्या घरात सापडलेलं अप्रकाशित हस्तलिखित दुसरा साक्षीदार म्हणून उभं केलं गेलं. लॉक त्याच वर्षी हॉलंडला पळाला आणि फेब्रुवारी १६८९ मध्येच परतला. आपण ‘प्रबंध’ लिहिला ही कबुली त्याने दिली ती सप्टेंबर १७०४ मध्ये, मृत्युपत्राच्या पुरवणीत, मरणाच्या काही आठवडे आधी.

निसर्गावस्था खरंच कधी होती का?

लॉकच्या मते आजही आहे: दोन स्वतंत्र राजे एकमेकांशी निसर्गावस्थेतच असतात, आणि अमेरिकेच्या जंगलात एक स्विस माणूस आणि एक इंडियन सौदा करतात तेव्हा तेही. म्हणजे हा इतिहासाचा टप्पा नव्हे, माणसांमधलं एक नातं आहे. दोघांच्या वर समान न्यायाधीश नाही, एवढाच त्याचा अर्थ. इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जने १६५१ मध्ये या अवस्थेला युद्ध म्हटलं होतं. लॉक म्हणतो, युद्ध नव्हे, गैरसोय. तिथे ठरलेला आणि सर्वांना ठाऊक असलेला कायदा नसतो, त्रयस्थ न्यायाधीश नसतो आणि निकाल अमलात आणायला बळ नसतं (दुसरा प्रबंध, कलमं १२४–१२६). राज्य या तीन उणिवा भरायला आहे. त्यापलीकडे त्याने हात पसरले की ‘कशावरून?’ हा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

मालमत्तेचं प्रकरण एवढं वादग्रस्त का आहे?

आधी शब्द. लॉकची ‘प्रॉपर्टी’ म्हणजे पुष्कळदा जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता असं तिन्ही मिळून (कलम १२३). पण प्रकरण ५ मध्ये तो मुख्यतः वस्तू आणि जमिनीबद्दलच बोलतो. मराठीत सरसकट ‘मालमत्ता’ लिहिलं की ‘राज्य मालमत्तेच्या रक्षणासाठी असतं’ हे वाक्य सावकाराचं वाटायला लागतं. संदर्भ पाहून ‘स्वत्व’ किंवा ‘हक्काचं ते’ असं काही वापरावं लागतं.

आता युक्तिवाद. पृथ्वी सगळ्यांची, पण प्रत्येकाचं शरीर आणि कष्ट ज्याचे त्याचे. ओकखाली पडलेली फळं कुणी खाल्ली, तर ती त्याची कधी झाली? पचल्यावर? शिजवल्यावर? घरी आणल्यावर? लॉक म्हणतो, वेचली तेव्हाच; नाहीतर पुढे कधीच होणार नाहीत. झऱ्यातलं पाणी सर्वांचं, घागरीतलं ज्याने भरलं त्याचं. यावर दोन अटी आहेत. इतरांसाठी पुरेसं आणि तितकंच चांगलं उरलं पाहिजे (कलम २७) आणि घेतलेलं आपल्याकडे सडता कामा नये (कलम ३१).

इथवर कुणालाही पटेल. मग पैसा येतो. बोरं सडतात, अक्रोड वर्षभर टिकतात, सोनं सडतच नाही. जास्तीचं धान्य देऊन सोनं घेतलं की नासाडीची अट आपोआप गळून पडते. आणि लोकांनी पैसा मानला म्हणजेच विषमतेला संमती दिली, असं लॉक कलम ५० मध्ये म्हणून मोकळा होतो. एका वाक्यात तो केवढी मोठी उडी मारतो, ते पाहा.

दुसरी खोच कलम २८ मध्ये आहे. ‘माझ्या घोड्याने खाल्लेलं गवत, माझ्या नोकराने कापलेली ढेकळं, मी खणलेलं खनिज’ हे सगळं माझं. कष्ट नोकराचे, ढेकळं मालकाची! मजुरी दिली की कष्ट विकत घेतले, हे इथे गृहीत धरलं आहे, सिद्ध केलेलं नाही.

तिसरी खोच कलम ४३ मधल्या हिशेबात आहे. इंग्लंडमधल्या एका एकरात २० बुशेल (धान्याचं इंग्रजी माप) गहू होतो आणि त्याचा वार्षिक लाभ ५ पौंड. तितकीच सुपीक अमेरिकेतली एकरभर जमीन, पण तिथल्या इंडियनला तिच्यातून मिळणारा लाभ कदाचित पेनीभरही नाही. हजारावा भाग तर नाहीच. तेव्हा एका पौंडाच्या २४० पेनी होत, म्हणजे ५ पौंडांच्या १२००. आकडेमोड बरोबर आहे, पण मोजपट्टी इंग्रजी बाजाराची आहे. शिकार, फिरती शेती, राखीव सोडलेलं रान या कशालाच ती ‘कष्ट’ म्हणून मोजत नाही. अमेरिकेतली जमीन ‘पडीक’ ठरवून घेणाऱ्यांना हे प्रकरण कामाला आलं ते यामुळे.

आणि घागरीचं उदाहरण आपल्याकडे वाचताना अडखळायला होतं. पाणी सर्वांचं, हे लॉक धरून चालतो. महाडला २० मार्च १९२७ रोजी लोकांना चवदार तळ्यावर जाऊन आधी ‘सर्वांत’ आपण येतो, हेच सिद्ध करावं लागलं.

मी तर कुठल्याही करारावर सही केली नाही. मग माझी संमती कशी?

लॉकचं उत्तर कलम ११९ मध्ये आहे: देशात जमीन धारण केली, आठवडाभर मुक्काम केला, नुसतं रस्त्यावरून मोकळेपणी गेलात तरी तेवढ्या काळापुरती मूक संमती झाली. पण कायमचं सदस्यत्व मात्र उघड संमतीनेच मिळतं (कलम १२२). विद्यार्थी पहिलं लिहितात आणि दुसरं विसरतात. त्यामुळे लॉक परदेशी प्रवाशालाही नागरिक मानतो, असा विचित्र निष्कर्ष निघतो.

तरीही उत्तर लंगडं आहेच. ह्यूमने १७४८ मध्ये ते मोडून काढलं. ज्याला परक्या देशाची भाषा येत नाही आणि जो रोजच्या मजुरीवर जगतो, त्या शेतमजुराला देश सोडण्याची मुभा आहे असं म्हणणं म्हणजे झोपेत जहाजावर उचलून नेलेल्या माणसाला ‘थांबलास म्हणजे कप्तान मान्य’ असं सांगणं. उतरायचं तर समुद्रात उडी. विशेष म्हणजे ह्यूमने हे लॉकच्याच अनुभववादाच्या (ज्ञान अनुभवातूनच येतं, या मताच्या) हत्याराने केलं. इतिहासात पाहा, तो म्हणतो: बहुतेक राज्यं जिंकून किंवा बळकावून उभी राहिली. करार कुणी पाहिला?

लॉकचा ‘सामाजिक करार’ नेमका कुणाकुणात होतो?

माणसामाणसांत. सरकारशी करार नाहीच. सरकार विश्वस्त आहे. आपल्याकडे ट्रस्ट सगळ्यांना माहीत आहे: विश्वस्ताला मालकी नसते, त्याने निधी ठरलेल्या कामासाठीच वापरायचा असतो आणि लाभार्थ्यांवर तो अटी लादू शकत नाही. करारात दोन्ही बाजूंना हक्क असतात. विश्वस्तव्यवस्थेत हक्क लाभार्थ्याचा आणि कर्तव्य विश्वस्ताचं. लॉकने हा शब्द जाणूनबुजून निवडला आहे.

कायदेमंडळावरच्या मर्यादा कलम १४२ मध्ये चार आहेत: कायदा जाहीर आणि सर्वांना सारखा हवा; तो लोकहितासाठी हवा; लोकांच्या किंवा त्यांच्या प्रतिनिधींच्या संमतीशिवाय कर नको; कायदे करण्याचा अधिकार दुसऱ्या कुणाकडे सोपवता येणार नाही. आपल्या राज्यघटनेचा अनुच्छेद २६५ (कायद्याच्या अधिकाराशिवाय कर नाही) वाचताना यातली तिसरी मर्यादा आठवते.

इथे एक हमखास चूक होते. लॉकच्या तीन सत्ता म्हणजे कायदेमंडळ, कार्यकारी सत्ता आणि ‘फेडरेटिव्ह’ सत्ता. ही तिसरी म्हणजे युद्ध, तह, परराष्ट्र व्यवहार. काही नोट्समध्ये तिचं भाषांतर ‘संघीय सत्ता’ केलेलं दिसतं. संघराज्याशी तिचा काडीचा संबंध नाही. न्यायसंस्थेला स्वतंत्र तिसरी सत्ता म्हणून लॉक मोजत नाही. ती मांडणी माँतेस्क्यूची, १७४८ ची.

उठसूट कुणीही बंड करावं, असं लॉक म्हणतो का?

नाही, आणि हा आक्षेप तो स्वतःच घेऊन उत्तर देतो. लोक मुळात सोशीक असतात. छोट्या चुका, अगदी काही मोठ्याही, निमूट सोसतात. पण एकाच दिशेने जाणाऱ्या अन्यायांची लांबलचक माळ दिसली की ते उठतात (कलम २२५). हा शब्दप्रयोग १७७६ च्या अमेरिकी जाहीरनाम्यात जवळपास तसाच उतरला आहे. विश्वासघात झाला की नाही, हे कोण ठरवणार? लोकच (कलम २४०). दिवाणजीने कामात कसूर केली की नाही, हे ज्याने त्याला नेमलं तोच ठरवतो ना? ‘रिबेल’ शब्दाची फोडही तो उलटी करतो: जो पुन्हा युद्ध आणतो तो बंडखोर, मग तो राजा का असेना.

‘कोरी पाटी’ हे लॉकचंच ना?

‘निबंधा’त ‘टॅब्युला रासा’ हे लॅटिन शब्द नाहीत, तिथे ‘कोरा पांढरा कागद’ आहे (२.१.२). पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे, मन रिकामं म्हणजे क्षमताही नाहीत, असं लॉक म्हणत नाही. तुलना करणं, आठवणं, जोडणं या शक्ती उपजतच असतात. उपजत नसतात त्या सामग्री आणि तत्त्वं. सामग्री दोन वाटांनी येते: इंद्रियांतून, आणि मन स्वतःचं काम न्याहाळतं त्यातून. ही दुसरी वाट विसरली की लॉक बाळबोध वाटू लागतो.

‘आयडिया’चं भाषांतर ‘कल्पना’ केलं की आणखी बिघडतं, कारण मराठीत कल्पना म्हणजे मनाने रचलेलं काहीतरी. लॉकची ‘आयडिया’ म्हणजे विचार करताना मनासमोर जे काही असतं ते: लिंबाचा आंबटपणा, पिवळा रंग, दुखणं. ‘बोध’ किंवा ‘प्रत्यय’ बरा. अननस न चाखलेल्याला त्याची चव शब्दांनी कळवता येत नाही, हे लॉकचंच उदाहरण.

उपजत तत्त्वांवर तो एवढा का तुटून पडतो? त्याचं कारण १.४.२४ मध्ये आहे. तत्त्वं उपजत ठरली की ती तपासण्याची गरज उरत नाही. आणि ज्यांना गुरू किंवा धनी होऊन बसायचं आहे, त्यांना ‘मूळ तत्त्वांवर शंका घ्यायची नाही’ हा नियम फार सोयीचा असतो. राजकारण ‘निबंधा’त शिरतं ते इथे.

प्राथमिक आणि दुय्यम गुण घरच्या घरी दाखवता येतात का?

येतात. लॉकचे दोन प्रयोग आहेत आणि दोन्हींना स्वयंपाकघर पुरतं.

तीन पातेली घ्या. एकात सोसवेल इतकं गरम पाणी (४० अंश सेल्सिअसच्या आसपास), एकात फ्रीजमधलं गार, मधल्यात कोमट. एक हात गरमात, एक गारात, मिनिटभर. मग दोन्ही हात एकदम मधल्या पातेल्यात. तेच पाणी एका हाताला गार लागतं, दुसऱ्याला ऊन. पाणी एकाच वेळी गार आणि ऊन असू शकत नाही. म्हणजे ‘ऊन’ हा गुण पाण्यात जसाच्या तसा नाही; पाण्याच्या सूक्ष्म कणांची गती आणि हाताची आधीची स्थिती मिळून तो जाणवतो. प्रयोग फसतो तो दोन कारणांनी: हात पुरेसा वेळ ठेवत नाहीत, किंवा मधलं पाणी एका टोकाकडे झुकलेलं असतं.

दुसरा प्रयोग बदामाचा. भिजवून सोललेले चार-पाच बदाम खलबत्त्यात कुटा. शुभ्र रंग मळकट होतो, गोडसर चव तेलकट होते. लॉक विचारतो, बत्त्याने केलं काय? फक्त कणांची रचना बदलली. मग रंग आणि चव या रचनेच्याच करामती असल्या पाहिजेत. आकार, संख्या, गती, भरीवपणा हे प्राथमिक गुण वस्तूत खरोखर असतात; रंग, चव, वास हे दुय्यम गुण म्हणजे वस्तूच्या अंगी असलेलं आपल्यात काही उत्पन्न करण्याचं सामर्थ्य. तत्त्वज्ञ बर्कलीने १७१० मध्ये नेमकं इथे बोट ठेवलं: आकारसुद्धा जवळून वेगळा, लांबून वेगळा दिसतो, मग तो तरी वस्तूत आहे हे कशावरून?

मॉलिन्यूचा प्रश्न काय आहे? त्याचं उत्तर मिळालं का?

डब्लिनच्या विल्यम मॉलिन्यूने लॉकला पत्रातून विचारलं: जन्मांध माणसाला घन आणि गोल हाताने ओळखता येतात, त्याला अचानक दिसू लागलं, तर न शिवता, नुसतं पाहून ओळखता येतील का? दोघांचंही उत्तर ‘नाही’. १६९४ च्या दुसऱ्या आवृत्तीत हे आलं (२.९.८).

याची आधुनिक चाचणी भारतात झाली. एमआयटीच्या पवन सिन्हा यांच्या प्रकल्प प्रकाशमधल्या ८ ते १७ वर्षांच्या पाच मुलांचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. जन्मापासून अडलेली दृष्टी शस्त्रक्रियेने मिळाल्यावर लगेच घेतलेल्या चाचणीत, पाहिलेल्या वस्तूची जोडी पाहून लावणं त्यांना जमलं, हाताळलेल्या वस्तूची जोडी हाताळून लावणंही जमलं. पण हाताळलेली वस्तू डोळ्यांनी ओळखताना त्यांचं उत्तर जवळपास अंदाजपंचे होतं. म्हणजे तूर्तास लॉकच्या बाजूने. मात्र ज्यांची पुन्हा चाचणी घेता आली, त्यांना काही दिवसांतच ते बरंच जमू लागलं. एवढ्या लवकर शिकता येतं याचा अर्थ काय लावायचा, यावर अजून वाद चालू आहे.

हत्ती आणि कासवाची थट्टा आपल्यावर आहे का?

थोडी आपल्यावर, जास्त युरोपीय पंडितांवर. ‘द्रव्य’ म्हणजे काय, असं विचारलं की ते म्हणत: गुणांना आधार देणारं काहीतरी. लॉक म्हणतो, हे त्या भारतीयासारखं झालं: पृथ्वी हत्तीवर, हत्ती कासवावर, आणि कासव? ‘कशावर तरी, ठाऊक नाही.’ शेषनागाच्या फण्यावर वाढलेल्या आपण राग मानायचं कारण नाही. ‘ठाऊक नाही’ हे निदान प्रामाणिक उत्तर आहे, असंच लॉकला सुचवायचं आहे.

निश्चित ज्ञान इतकं थोडं असेल, तर निर्णय कशावर घ्यायचे?

संभाव्यतेवर. ‘निबंधा’तलं सर्वांत व्यवहारी प्रकरण हेच (४.१५). साक्ष तोलताना सहा गोष्टी पाहा: साक्षीदार किती, ते सचोटीचे आहेत का, त्यांना त्या विषयात गती आहे का, पुस्तकातली साक्ष असेल तर लेखकाचा हेतू काय, मजकूर आतून सुसंगत आहे का आणि विरुद्ध साक्ष आहे का. पुढच्या प्रकरणात तो कोर्टाचा नियम देतो: मूळ दस्ताची साक्षांकित नक्कल पुरावा म्हणून चालते, पण नकलेची नक्कल, कितीही शिक्के मारले तरी, चालत नाही. तहसीलमध्ये खेपा घातलेल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. परंपरेबद्दल लोक उलटं मानतात, जितकी जुनी तितकी पक्की. लॉक म्हणतो, प्रत्येक तोंडागणिक ती पातळ होत जाते.

पण या मोजपट्टीची हद्दही त्यानेच दाखवली. सयामच्या (आजच्या थायलंडच्या) राजाला डच राजदूत सांगतो की आमच्याकडे थंडीत पाणी इतकं घट्ट होतं की त्यावर हत्ती उभा राहील. राजा म्हणतो, आजवर तुझ्या नवलाईच्या गोष्टी मानल्या, कारण तू सभ्य वाटलास. आता कळलं, तू खोटं बोलतोस. राजाने चूक काय केली? त्याच्या अनुभवाच्या मानाने काहीच नाही. तरी बर्फ असतोच.

दोन्ही पुस्तकं एकमेकांशी जुळतात का?

पूर्ण नाही, आणि जुळवून दाखवणाऱ्यांपासून सावध राहा. ‘निबंध’ म्हणतो, कुठलंही नैतिक तत्त्व मनावर कोरलेलं नसतं. दुसऱ्या प्रबंधाचं कलम ११ मात्र निसर्गाचा कायदा सर्व माणसांच्या हृदयावर लिहिलेला आहे, असं सांगून टाकतं. नीतिशास्त्र गणितासारखं सिद्ध करता येईल, असं लॉक ‘निबंधा’त म्हणतो, पण ते सिद्ध करून कधी देत नाही. मित्रांनी आग्रह केला तरीही नाही. लेखकाचं नाव लपवण्यामागे जिवाची भीती होती हे खरं. पण कुणी दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून हा प्रश्न विचारला असता, तर त्याची पंचाईत झाली असती, हेही तितकंच खरं.

लॉक गुलामगिरीच्या विरोधात होता की बाजूने?

पहिल्या प्रबंधाचं पहिलंच वाक्य गुलामगिरीला नीच आणि दयनीय अवस्था म्हणतं. त्याच लॉकने अमेरिकेतल्या कॅरोलायना वसाहतीच्या मालकांचा सचिव म्हणून काम केलं. त्या वसाहतीच्या १६६९ च्या मूळ सनदेत प्रत्येक स्वतंत्र नागरिकाला आपल्या निग्रो गुलामांवर संपूर्ण सत्ता दिली होती. गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत त्याचे पैसेही होते. दुसऱ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण न्याय्य युद्धातल्या कैद्यापुरतीच गुलामगिरी मानतं, आणि कलम १८२ नुसार जेत्याला पराभूताच्या बायकामुलांवर हक्क नाही. म्हणजे वंशपरंपरेची गुलामगिरी लॉकच्याच तर्कात बसत नाही. त्याने ‘कशावरून?’ हा प्रश्न फिल्मरला विचारला, कंपनीला विचारला नाही.

धर्मसहिष्णुतेचं पत्र कितपत उदार आहे?

हे लॉकचं आणखी एक पुस्तक, ‘अ लेटर कन्सर्निंग टॉलरेशन’. त्यातही मुख्य मुद्दा ज्ञानाचाच आहे. दंड, तुरुंग, जप्ती यांनी माणूस देवळात येईल, पण त्याला पटणार नाही. पटणं हे इच्छेच्या हुकमात नसतं. म्हणून राजाने आत्म्याच्या कारभारात पडू नये. तरी नास्तिकांना सूट नाही, कारण त्यांची शपथ बांधील धरता येत नाही. आणि परक्या सत्ताधीशाशी धर्माने बांधलेल्यांनाही नाही. हा टोला कॅथलिकांना होता. इंग्रज पाद्री जोनस प्रोस्टने १६९० मध्ये चांगला आक्षेप घेतला: बळजबरी थेट पटवत नाही, पण माणसाला विचार करायला भाग पाडू शकते. लॉकने उत्तरादाखल आणखी पत्रं लिहिली, तिसरं तर भलतंच लांब. त्यातलं एक उत्तर मात्र चोख आहे: प्रत्येक राजा आपला धर्म खरा समजतो, मग हा अधिकार कुठल्याही एका राजाला देता येईल कसा?

महाराष्ट्रातल्या सुधारकांनी लॉक वाचला होता का?

थेट धागा लॉकपेक्षा त्याच्या नंतरच्यांचा आहे. जोतीराव फुल्यांनी १८४७ मध्ये टॉमस पेनचं ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचलं. आगरकरांच्या लिखाणामागे जॉन स्टुअर्ट मिल आणि हर्बर्ट स्पेन्सर हे एकोणिसाव्या शतकातले इंग्रज विचारवंत आहेत. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात मिलचाच इशारा दिला: कितीही थोर माणूस असला तरी आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नका. मालमत्तेच्या हक्काबाबत तर आपण लॉकपासून दूरच गेलो आहोत; १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तो मूलभूत हक्कांतून काढून अनुच्छेद ३०० अ मध्ये ठेवला.

एकच पूरक वाचन करायचं असेल तर?

ह्यूमचा मूळ करारावरचा निबंध. तो खरोखर निबंधाच्या लांबीचा आहे; दोन तासांत होतो. आधी दुसऱ्या प्रबंधाची कलमं ९५ ते १२२ वाचून घ्या आणि वही शेजारी ठेवा. ह्यूमचा प्रत्येक आक्षेप लॉकच्या कुठल्या कलमावर आहे, ते समासात लिहीत चला. दोन-तीन आक्षेप लॉकने न म्हटलेल्या गोष्टींवर आहेत, तेही सापडतील.